गायब झालेली पारदर्शक धमनी

१

तबक रिकामं होतं.

सरावाच्या खोलीत मधोमध एक उथळ काचेचं तबक असे. त्यात कोमट साबणाचं पाणी फिरवणारा छोटा पंप, दोन्ही बाजूंना नळ्या, आणि मधे ज्या रोग्यावर उपचार व्हायचा त्याच्या मेंदूतल्या धमनीची प्रतिकृती. रबरासारखी लवचिक, आरपार दिसणारी. आज तिथे टेलरताईची धमनी असायला हवी होती. सकाळी ती होती, भूलबाईंनी स्वतः पाहिली होती. आता नळ्यांची तोंडं उघडी पडली होती, पंप नीट बंद केलेला होता आणि फरशीवर साबणाच्या पाण्याचा ओघळ दारापर्यंत गेला होता.

भूलबाई म्हणजे या हॉस्पिटलच्या मुख्य भूलतज्ज्ञ. "मी भूल देते, करत नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद, आणि तो ऐकून हसणं नव्या डॉक्टरांना सक्तीचं होतं. आज मात्र त्या दारातच उभ्या राहिल्या आणि साडीचा काठ ओला होतोय याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

सकाळचा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

टेलरताई कपडे शिवून घर चालवणारी. तिच्या डाव्या डोळ्यामागे मेंदूच्या धमनीला फुगा आला होता, छोट्या लिंबाएवढा. पापणी उतरत चालली होती आणि एका सुईच्या दोन सुया दिसत होत्या. फुगा फुटला तर डोळाच काय, माणूसच हातचा जाणार. उपाय होता, तोही कवटी न उघडता. मांडीच्या धमनीतून दोऱ्यासारखी बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्याच्या तोंडावरून पलीकडपर्यंत तारेच्या विणीची जाळी अंथरायची. मग रक्त सरळ पुढे जातं आणि फुगा हळूहळू सुकतो. सांगायला सोपं. पण एवढ्या मोठ्या फुग्यात नळी शिरली की हरवते. दिवे गेलेल्या सभागृहात शिरावं आणि पलीकडचं दार चाचपडत शोधावं, तशी तिची गत होते. म्हणून नळीचं टोक आधीच वाफेवर धरून वाकवतात, पलीकडच्या दाराकडे तोंड करून.

मोठ्या सरांचा या कामात हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी प्रतिकृतीवर त्यांनी टोक वाकवलं आणि पहिल्याच खेपेला पलीकडे नेलं. थोड्या वेळाने तीच नळी खऱ्या टेलरताईच्या डोक्यात गेली आणि फुग्याच्या पातळ भिंतीला घासत बसली. सर पुन्हा पुन्हा फिरवत होते. एकदा स्वतःशीच पुटपुटले, "पडद्यावर बरोबर दिसतंय, पण हाताला उलटं लागतंय."

तेव्हा त्यांची मदतनीस डॉक्टर म्हणाली, "दुसरी नळी आणते मी," आणि हातमोजे आणि गाऊन ओढून काढत बाहेर धावली. ही सरांचीच मुलगी. हल्ली ती बापाला क्षणभर एकटं सोडत नसे, म्हणून सगळे तिला सावली म्हणत. ती परत आली आणि तिने एवढंच म्हटलं, "सर, आज नको. थांबूया." त्याच वेळी टेलरताईचा रक्तदाब उसळला, भूलबाईंनीही "थांबा" म्हटलं आणि सरांनी नळी काढून घेतली.

दुपारपर्यंत हॉस्पिटलभर झालं, सरांचा हात गेला. थरथरतो म्हणे. पण भूलबाई रोग्याच्या उशाशी बसलेल्या होत्या आणि तो हात त्यांनी जवळून पाहिला होता. तो थरथरला नव्हता.

त्यात टेलरताईचं डोकं नव्याने दुखू लागलं, पापणी आणखी खाली आली. दुसरा प्रयत्न उद्या सकाळीच करायला हवा होता. "कशामुळे फसलं ते कळल्याशिवाय मी तिला पुन्हा भूल देणार नाही," असं भूलबाई सगळ्यांसमोर सांगून बसल्या होत्या. न दिली तर फुगा फुटण्याची भीती, दिली तर पुन्हा तोच घोळ होऊन नळीच भिंतीतून आरपार जाण्याची. आणि जिच्यावरून काहीतरी कळलं असतं, ती प्रतिकृतीच कुणीतरी पळवली होती.

२

पहिल्यांदा त्यांनी गाठलं साचेवाल्याला. स्कॅनवरून या प्रतिकृती छापायचं काम त्याचं. हा गडी भलताच भांडकुदळ. एखाद्या डॉक्टरने वळण जरा इकडचं तिकडे करायला सांगितलं तरी फाइल घेऊन भांडायला यायचा. आज त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

"प्रतिकृती कुठे आहे?"

"मला काय माहीत, मॅडम. मी तबकात लावून दिली होती."

"बरोबर छापली होतीस?"

"जशी सांगितली तशी छापली." एवढं बोलून तो यंत्राच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसू लागला.

"कुणी काही वेगळं सांगितलं होतं का?"

"मॅडम, माझं काम छापायचं. बाकीचं मोठ्यांनी बघावं."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे भूलबाईंनी ओळखलं. पण फार ताणलं तर हा उरलंसुरलंही गिळून टाकेल. त्या तिथून निघाल्या.

कंपनीवाला कॉफीच्या यंत्राशी सापडला. आधीच वाक दिलेल्या, डब्यातून काढून थेट वापरायच्या नळ्या विकणारा हा माणूस. बोलणं लोण्यासारखं. मोठे सर त्याच्या नळ्यांना हात लावत नसत. "माझं माप मी घेतो, तयार कपडे मला बसत नाहीत," असं म्हणून त्यांनी त्याला अनेकदा वाटेला लावलं होतं.

"सकाळी तुम्ही सरावाच्या खोलीत काय करत होतात?" भूलबाईंनी सरळच विचारलं.

"मी? नमुन्याचा डबा ठेवायला गेलो होतो. दोन मिनिटं."

"सरांचा हात बदनाम झाला तर तुमच्या नळ्या खपतील. हो ना?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कॉफीचा पेला त्याने जपून खाली ठेवला. "बाई, मी विक्रेता आहे, कसाई नाही. माझी आई अशाच फुग्याने गेली. आणि सर आत होते तेवढा सगळा वेळ मी काचेमागे बसलो होतो. एक्स-रेवाल्यांना विचारा, त्यांच्या खांद्यावरून बघतो म्हणून ते मला दोनदा ओरडलेत."

विचारलं. खरं होतं. भूलबाईंना त्याच्या आईबद्दल वाईट वाटलं आणि आपल्या जिभेचा थोडा रागही आला.

राहिली थोरली सिस्टर. टेबलावरची हत्यारं तिच्या ताब्यात. "मी हात धुऊन, गाऊन चढवून उभी होते मॅडम, शेवटपर्यंत जागची हलले नाही," ती म्हणाली. तेही खरंच होतं, भूलबाईंच्या समोरच ती उभी होती. "सरांची नळी तर कचऱ्यात गेली, जाळून नष्टही झाली असेल. आता तुम्ही काय शोधणार?"

"नळी गेली," भूलबाई म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. "सिस्टर, टोक वाफेवर धरताना नळीच्या पोटात तार घालतात ना? आधी तार वाकवायची, मग तिच्यावर नळी वाकते."

"हो. मग ती काढून टाकतात."

"टाकतात कुठे?"

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. ती तार रोग्याच्या अंगात जात नाही. तिला हत्यारांच्या कचऱ्यात टाकायचं कारणच नव्हतं.

३

सरावाच्या खोलीत ज्या केटलीच्या वाफेवर टोक वाकवत, तिच्याच मागे तार पडली होती. केसाहून जरा जाड, बोटभर लांब आणि टोकाला दोन वाक. एक पुढे, दुसरा बाजूला. सरांच्या बोटांनी तिला सकाळी जो आकार दिला होता तो तिने इमानाने धरून ठेवला होता.

प्रतिकृती पळवणाऱ्याला हिची आठवण राहिली नव्हती.

भूलबाई ती घेऊन काचेमागच्या खोलीत गेल्या. संगणकावर टेलरताईचं स्कॅन उघडलं आणि धमनीचं चित्र पडद्यावर हळूहळू फिरवू लागल्या. खालून येणारी धमनी, मग तो भला मोठा फुगा आणि वरच्या कडेला, जरा आतल्या बाजूला, पलीकडे जाणारं दार. त्यांनी तार पडद्यासमोर धरली. पहिला वाक धमनीच्या वळणाला बसला. दुसरा दारापासून तोंड फिरवून बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिला.

त्यांनी तार फिरवून पाहिली. दुसरा वाक दाराशी आणला तर पहिला बिघडायचा, पहिला बसवला तर दुसरा.

एक वाक असता तर फिरवून भागलं असतं. दोन वाक असले की भागत नाही. डाव्या हाताचा मोजा कितीही फिरवा, उजव्या हाताला नीट बसायचा नाही.

त्यांनी मग पडद्यावरचं चित्रच आरशात दिसावं तसं पलटवलं. तार दारात चपखल बसली.

म्हणजे सरांनी टोक अचूक वाकवलं होतं. प्रतिकृतीच उलटी होती. डाव्या धमनीची, पण आरशातली. आणि सरावात ते कुणालाच का दिसलं नाही, याचंही उत्तर समोर होतं. सराव काय किंवा खरा उपचार काय, डॉक्टर बघतात ती एक्स-रेची सपाट छाया. बाजूने पाहिलं तर छायेत डावा मोजा आणि उजवा मोजा सारखेच. टोक आपल्याकडे वळलंय की पलीकडे, ते छाया सांगत नाही. ते सांगितलं होतं फक्त सरांच्या हाताने. हाताला उलटं लागतंय.

हात शाबूत होता. भूलबाईंना इतकं हायसं वाटलं की त्या खुर्चीत बसून एकट्याच हसल्या.

मग हसू ओसरलं. स्कॅनच्या चित्रात रोगी आपल्याकडे तोंड करून असतो. त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे दिसते. या धंद्यात शिरणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. ते विसरून कुणीतरी चित्र "सुधारलं" होतं. ही चूक नवख्या पोराची, आणि सरांच्या चमूत नवखं कुणीच नव्हतं.

४

टेलरताई वॉर्डात डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडली होती. उशाशी तिची सासू, हातात सुनेचा चष्मा घेऊन पहारेकऱ्यासारखी बसलेली. हॉस्पिटलात तिला सगळे आजीच म्हणत आणि जरा जपूनच असत.

"डोकं कसं आहे?" भूलबाईंनी विचारलं.

"ठोके पडल्यासारखं होतंय," टेलरताई म्हणाली. "डॉक्टर, उद्या होईल ना? लग्नाचे कपडे घेतलेत शिवायला. नवरीचे. ते दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

भूलबाईंनी तिचा हात दाबला. होईल असं त्यांच्याने म्हणवेना.

"होईल कसलं," आजी कडाडल्या. "तुमचे ते मोठे डॉक्टर! नाव एवढं ऐकलं होतं. काल सकाळी आले, हिची उजवी पापणी वर केली, त्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, सूज वाढलेली दिसते. अहो, हिचा डोळा डावा! मी बोलणार तेवढ्यात त्यांची मुलगी मधे पडली. म्हणे, सर आधी चांगला डोळा बघून मग तुलना करतात. केली नाही हो तुलना. तसेच निघून गेले."

"आई, पुरे," सून म्हणाली.

भूलबाईंनी ते ऐकलं, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात तारच फिरत होती. त्या थेट एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या खुंट्यांशी गेल्या. आत वावरणारा प्रत्येक जण किरणांपासून बचावासाठी शिशाचा जड कोट घालतो. प्रत्येकाचा रंग वेगळा, खुंटी वेगळी. प्रतिकृती ज्याने उपसली त्याचा कोट भिजलाच असणार, म्हणून त्यांनी एकेक कोट चाचपला. सरांचा कोरडा. सिस्टरचा कोरडा. त्यांचा स्वतःचा कोरडा. निळ्या कोटाच्या छातीवर साबणाचा पांढरट डाग वाळला होता आणि खालची शिवण अजून ओलसर होती.

निळा कोट सावलीचा.

मग सगळं ओळीने लागलं. मदतनीस डॉक्टर टेबल सोडून कधी बाहेर जात नाही, सामान आणायला बाहेर माणूस असतो. तरी ती गेली. नळी आणायला गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. तेवढ्या वेळात, अंगावरच्या कोटासकट, तिने प्रतिकृती तबकातून उपसून छातीशी धरून नेली होती.

सावली डॉक्टरांच्या खोलीत खिडकीशी उभी होती. भूलबाईंनी तार तिच्यासमोर टेबलावर ठेवली. सावलीने ती ओळखली.

"माझ्या कपाटात आहे," ती म्हणाली. "चूक माझी, मावशी. मीच साचेवाल्याला पलटवायला सांगितलं. बाजू समजायला गोंधळ झाला. मग घाबरले आणि लपवली."

"आणि हात गेला म्हणून बापाची बदनामी होऊ दिलीस?"

"हो."

भूलबाईंना संताप अनावर झाला. ही पोर त्यांच्या मांडीवर खेळलेली. "लाज वाटत नाही तुला?"

"वाटते," सावली म्हणाली, आणि ते इतकं खरं वाटलं की भूलबाई तिथून बाहेर पडल्या.

५

जिना उतरता उतरता त्या अर्ध्यावर थांबल्या.

काहीतरी बसत नव्हतं. पहिला वाक बसत होता, दुसरा भिंतीकडे बघत होता.

सावलीनेच प्रतिकृती पलटवली असती, तर सर "उलटं लागतंय" म्हणाले त्या क्षणी तिला तिथल्या तिथे उमगलं असतं. "सर, थांबा," एवढंच ती म्हणाली असती. ती सरावाच्या खोलीकडे धावली, कारण तिला पाहायचं होतं. ज्याने पलटवली त्याला पाहायला जावं लागत नाही. तिला संशय होता, माहिती नव्हती.

आणि साचेवाला? सावलीने असलं काही सांगितलं असतं तर त्याने तिला सुखाने जगू दिलं नसतं. हातात फाइल घेऊन तो वॉर्डापर्यंत भांडत आला असता. तो ज्याच्याशी भांडत नाही असा या इमारतीत एकच माणूस होता.

मग आजींचं बोलणं आठवलं. उजव्या पापणीवर मारलेली बॅटरी. मधे पडलेली मुलगी. क्षणभरही बापाला एकटं न सोडणारी सावली.

भूलबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. आपल्या हुशारीचा त्यांना त्या घडीला मनापासून राग आला. पण वर टेलरताई होती, आणि उद्याची सकाळ थांबणार नव्हती. त्या उठल्या आणि पुन्हा साचेवाल्याकडे गेल्या.

"तुला सरांनीच सांगितलं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही.

त्याचे डोळे भरून आले. "मी आधी बरोबर छापली होती, मॅडम. ती अजून आहे माझ्याकडे. सरांनी फोन केला, म्हणाले उलटी झाली आहे, पलटव. मला वाटलं, सर म्हणतात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल. त्यांना मी कसं म्हणणार की..."

सरांच्या खोलीत सर टेबल आवरत होते. हात गेल्याची कुजबुज त्यांच्याही कानावर आली असावी, पुस्तकं खोक्यात भरली जात होती. सावली खोकं धरून उभी होती. भूलबाईंना पाहताच तिने मान हलवली. नको, मावशी.

"या बाई," सर म्हणाले. "मी ठरवलंय. हात दगा देऊ लागला की माणसाने उठावं."

भूलबाईंनी टेबलावरच्या पडद्यावर टेलरताईचं स्कॅन उघडलं.

"सर, फुगा कुठल्या बाजूला आहे?"

"हा काय प्रश्न झाला? उजव्या." सर सहज, जराही न अडखळता म्हणाले.

सावलीने डोळे मिटले. सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भूलबाईंकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"डावा आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

सावलीने मान डोलावली. ते खुर्चीत बसले.

"कधीपासून?" प्रश्न मुलीला होता.

"काही महिने झाले, बाबा. आधी शब्द सापडायचे नाहीत. मग बाजू." सावली आता रडत होती. "मी प्रत्येक वेळी लक्ष ठेवत होते. आजही मानेच्या डाव्या धमनीपर्यंत नळी मीच नेली होती. फोन मात्र माझ्या मागे झाला. आज तुम्ही उलटं म्हणालात तेव्हा मला कळलं, आणि मी..."

"लपवलीस. का?"

"हात गेला म्हटलं तर लोक हार घालून निरोप देतात. डोकं गेलं म्हटलं तर तुमच्या प्रत्येक जुन्या पेशंटच्या मनात येईल, माझ्या वेळी डॉक्टर ठीक होते ना?"

"यायलाच हवं," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सगळ्यांना बोलवायचं. या काही महिन्यांतल्या एकेकाला. तू बोलवायचंस." मग ते भूलबाईंकडे वळले. "बाई, उद्या तुम्ही भूल द्याल?"

"कोण करणार आहे त्यावर आहे."

"ही करेल."

"मी?" सावली मागे सरकली. "बाबा, एवढा मोठा फुगा मी एकटीने कधी..."

"बरोबर छापलेली प्रतिकृती साचेवाल्याकडे असणार. मी त्याला ओळखतो, तो काही टाकत नाही," सर म्हणाले. "आत्ता जा आणि टोक वाकव. आणि मी काही सांगायला लागलो तर माझं ऐकू नकोस."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरताईला आत न्यायच्या आधी सर तिच्या खाटेशी गेले. मागे भूलबाई आणि सावली.

"काल नळी चुकली ती माझ्यामुळे," ते म्हणाले. "हात चुकला नाही. माझं डोकं डावं-उजवं विसरायला लागलंय. मला ते ठाऊक नव्हतं. आज मी आत येणार नाही, माझी मुलगी करेल. तुमची तयारी नसेल तर दुसरीकडे पाठवायची सोय करतो, पण प्रवासात धोका आहे, तोही सांगतो."

आजी ताडकन उठल्या. "म्हणजे मी बोलत होते ते खरं होतं!"

"खरं होतं."

"आणि हिला तरी डावा-उजवा कळतो का?"

"कळतो," सर म्हणाले.

टेलरताईने एक उघडा डोळा सावलीवर रोखला. दुसऱ्याची पापणी मिटलेलीच होती. "तुमच्या हाताला उलटं लागलं तर तुम्ही थांबाल?"

"थांबेन," सावली म्हणाली.

"मग चला. दुखतंय फार."

भूलबाईंनी भूल दिली. नळी मांडीतून वर चढली, मानेतून आत गेली, फुग्याच्या तोंडाशी आली. टोक आत शिरलं आणि भिंतीच्या दिशेने सरकलं. रक्तदाबाचा आकडा किंचित चढला. भूलबाईंचं बोट औषधाच्या सिरिंजवर होतं.

"थांबू का?" सावलीने विचारलं. तिने विचारलं कुणाला ते कुणालाच कळलं नाही. टेबलाची दुसरी बाजू रिकामी होती.

"हाताला कसं लागतंय?" भूलबाई म्हणाल्या.

सावलीने क्षणभर पडद्यावरून नजर काढली. "बरोबर लागतंय."

"मग पडद्याला घाबरू नकोस."

तिने टोक किंचित वळवलं. ते फुग्याच्या पाठीमागून वळसा घेत गेलं, दिसेनासं झाल्यासारखं वाटलं आणि एकदम पलीकडच्या धमनीत सरकलं. थोरल्या सिस्टरने सुस्कारा सोडला. पण अवघड काम पुढेच होतं. फुग्यात पडलेला नळीचा वेढा ओढून सरळ करायचा होता, आणि ओढताना टोक निसटलं तर सगळं पहिल्यापासून. सावली ओढत राहिली, केसभर, आणखी केसभर. वेढा लहान होत गेला आणि सरळ झाला. जाळी उलगडली, भिंतींना टेकली. मग रंगाचं औषध सोडलं तेव्हा धमनीतला रंग सर्रकन पुढे निघून गेला, फुग्यातला मात्र तिथेच रेंगाळला. रक्ताने नवी वाट धरली होती.

"झालं," सावली म्हणाली, आणि तिने आत्ता कुठे नळीवरचा हात सोडला.

टेलरताई जागी झाली. भूलबाईंनी सांगितलेलं प्रत्येक बोट तिने हलवलं, आधी या हाताचं, मग त्या हाताचं. स्वतःचं नाव सांगितलं, आणि नवरीचे कपडे कपाटातच आहेत ना, असंही विचारलं. डोळा उघडायला महिने लागणार होते. पण डोळ्यामागचा धोका आता सुकायच्या वाटेला लागला होता.

भूलबाई बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर सर आणि आजी शेजारी शेजारी बसले होते.

"वाचली," भूलबाई म्हणाल्या. "बोलतेय."

आजींनी पदर तोंडाशी नेला. सर उभे राहिले. "मी तिला बघून येतो," ते म्हणाले आणि चार पावलं गेले. पुढे व्हरांड्याला दोन फाटे होते. तिथे ते थांबले. भूलबाईंना वाटलं पुढे व्हावं, हात धरावा. पण त्या हलल्या नाहीत, कारण सरांनी मागे वळून आजींकडे पाहिलं होतं.

"आजी," ते म्हणाले, "मला सांगा, कुठल्या बाजूला जायचं?"

आजी काही टोचून बोलतील असं भूलबाईंना वाटलं. आजी उठल्या, डोळे पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन त्यांचा हात धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "मलाही तिकडेच जायचंय."